१ मे च्या भाषणासाठी मदत हवी : गव्हर्नर ऑल्टगेल्ड, याने स्वतःच्या पायावर धोंडा का पाडून घेतला?

कोथरूड_डेपो

नमस्कार मंडळी, बाबांसाठी विचारतोय. बाबा ७८ चे आहेत, भोसरीला एका कारखान्यात तीस वर्षं लेथवर होते आणि त्यातली निम्मी वर्षं युनियनच्या कमिटीत, त्यामुळे आमच्या घरी १ मे म्हणजे आधी कामगार दिन आणि मग महाराष्ट्र दिन, श्रीखंड दोन्हीचं मिळून एकच. यंदा आमच्या इथल्या ज्येष्ठ नागरिक संघाने त्यांना झेंडावंदनानंतर दहा मिनिटं बोलायला सांगितलंय आणि गेले आठ दिवस घरात दुसरा विषय नाही.

झालंय असं की बाबांच्या एका जुन्या वहीत गेट मीटिंगच्या भाषणांची टिपणं सापडली. त्यात शिकागो, आठ तासांची मागणी, बॉम्ब, चार जणांना फाशी हे सगळं आहे जे आपण दर १ मे ला ऐकतो. पण शेवटी एक ओळ आहे, "गव्हर्नर आल्टगेल्ड – तिघांना सोडले – खुर्ची गेली." बस. ही ओळ कुणाकडून ऐकून लिहिली ते बाबांना आठवत नाही आणि आता ते तिलाच धरून बसलेत. म्हणतात फाशीचं सगळे सांगतात, या माणसाचं कुणी सांगत नाही, मी हेच सांगणार.

तर प्रश्न असा की हा गव्हर्नर म्हणजे आपल्या राज्यपालासारखा का? मग त्याची खुर्ची कशी काय गेली, राज्यपालाला कोण हरवतं? आणि दुसरा बाबांचा खरा प्रश्न, त्यांच्याच शब्दांत, "सोडायचंच होतं तर गपचूप सोडायचं ना, बोभाटा करून स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घ्यायचा?" मी नेटवर थोडं वाचलं पण इंग्रजी मजकूर फार, आणि बाबांना मराठीत सांगताना माझी ततपप होते. कुणाला नीट माहिती असेल तर सांगा प्लीज.

काळा_कोट_शिवाजीनगर

बाबांना आधी नमस्कार सांगा. विषय एकदम आवडीचा काढलात, त्यामुळे लांबण लागणार, चहा घेऊन बसा.

पहिलं म्हणजे राज्यपाल डोक्यातून काढून टाका. आपला राज्यपाल दिल्लीहून नेमलेला असतो, अमेरिकेतला गव्हर्नर लोकांनी थेट निवडून दिलेला असतो, म्हणजे काम बघितलंत तर तो आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळ जातो. शिक्षा माफ करायचा अधिकार आपल्याकडे कलम १६१ खाली राज्यपालाला आहे पण तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने वापरायचा असतो, सुप्रीम कोर्टाने १९८० मध्येच ते स्पष्ट केलंय. इलिनॉयच्या (शिकागो ज्या राज्यात आहे ते) गव्हर्नरचं तसं नव्हतं. सही त्याची एकट्याची, आणि मग शिव्याही त्याला एकट्यालाच. हे बाबांनी सुरुवातीलाच सांगायला हवं नाहीतर पुढची अर्धी गोष्ट कळत नाही.

आता माणूस. जॉन पीटर ऑल्टगेल्ड. जन्म १८४७ चा, जर्मनीतल्या एका खेड्यातला, काही महिन्यांचा असताना आईबाप अमेरिकेत ओहायोला शेती करायला आले. शिक्षण जेमतेम, बाप म्हणायचा शाळा कशाला, शेतावर चल (हे आपल्याकडेही नवीन नाही). सोळाव्या वर्षी यादवी युद्धात शंभर दिवसांच्या भरतीत गेला आणि तिथून जो ताप घेऊन आला त्याने पुढे तब्येत कायमची नासली. मग घर सोडून पश्चिमेकडे निघाला, बराचसा पायी, रेल्वेच्या कामावर मजुरी केली, परत आजारी पडला, कसाबसा मिसुरीत पोचला, तिथे शाळामास्तर झाला, कुणाच्या तरी हाताखाली कायदा शिकला आणि तिथेच सरकारी वकिलाच्या पदापर्यंत गेला. १८७५ ला ते सोडून शिकागोत आला तेव्हा खिशात शंभर डॉलरच्या आसपास होते. पंधरा वर्षांत जमिनी आणि इमारतींच्या धंद्यात गडगंज. युनिटी बिल्डिंग नावाची सोळा मजली इमारत त्याने बांधली, त्या काळात सोळा मजले! तर हा काही झेंडा घेऊन फिरणारा माणूस नव्हता, आजच्या भाषेत बिल्डर होता, हे लक्षात ठेवा.

पण बिल्डर असून याने १८८४ साली तुरुंगांवर एक छोटं पुस्तक लिहिलं. मुद्दा साधा, आपली पोलीस-कोर्ट-तुरुंगाची चक्की गरिबालाच दळते आणि आत गेलेला माणूस आणखी बिघडून बाहेर येतो. ओहायोमधल्या एका तरुण वकिलाने ते वाचलं आणि तो याला शोधत शिकागोला आला, तो म्हणजे क्लॅरेन्स डॅरो, पुढे अमेरिकेतला सगळ्यात गाजलेला फौजदारी वकील. १८८६ ला ऑल्टगेल्ड स्वतः न्यायाधीश म्हणून निवडून आला, तिकडे न्यायाधीशही निवडून येतात. १८९२ ला डेमोक्रॅटिक पक्षाकडून गव्हर्नर. इलिनॉयचा परदेशात जन्मलेला पहिलाच, आणि त्या पक्षाचा जवळजवळ चाळीस वर्षांनी आलेला. जानेवारी १८९३ मध्ये शपथविधीला इतका आजारी होता की भाषण दुसऱ्याला वाचायला लागलं.

केस तुम्हाला माहिती आहेच तरी थोडक्यात. १ मे १८८६ पासून आठ तासांसाठी संप, ३ तारखेला एका कारखान्याच्या दारात पोलिसांनी संपकऱ्यांवर गोळ्या झाडल्या, ४ ला निषेधाची सभा हेमार्केटला. शिकागोचा महापौर स्वतः सभेला जाऊन आला आणि सगळं शांत आहे म्हणून घरी गेला. पाऊस यायला लागला, गर्दी पांगली, शेवटचा वक्ता बोलत असताना पोलिसांची तुकडी चाल करून आली आणि कुणीतरी बॉम्ब टाकला. सात पोलीस मेले. बॉम्ब कुणी टाकला हे आजतागायत सिद्ध झालेलं नाही. आठ जणांवर खटला, सातांना फाशी, ऑस्कर नीबी नावाच्या आठव्याला पंधरा वर्षं. दोघांची फाशी आधीच्या गव्हर्नरने जन्मठेपेवर आणली, एकाने कोठडीत जीव दिला, चौघांना ११ नोव्हेंबर १८८७ ला लटकवलं. म्हणजे ऑल्टगेल्ड आला तेव्हा तिघे आत होते, फील्डन, श्वाब आणि नीबी.

२६ जून १८९३ ला त्याने तिघांनाही बिनशर्त सोडलं. आता बाबांचा प्रश्न, गपचूप का नाही. तेच तर सगळं आहे! सोडा म्हणून अर्ज करणाऱ्यांत शिकागोतली मोठमोठी माणसं होती, बँकवाले, वकील, आणि बहुतेकांचं म्हणणं असं की झालं तेवढं पुरे, सात वर्षं भोगली, दया दाखवा. त्याने दया म्हणून सोडलं असतं तर चार दिवस कुरकुर होऊन विषय संपला असता. पण त्याने सोबत साधारण १८ हजार शब्दांचं कारणपत्र लिहिलं आणि त्यात पहिल्यांदाच सांगून टाकलं की हे लोक खरोखर दोषी असतील आणि खटला नीट चालला असेल तर एक दिवसही कमी करायचं कारण नाही, शिक्षा जास्त झाली वगैरे मला मान्य नाही. आणि मग बसून दाखवलं की खटला नीट चाललाच नव्हता.

शंकासुर_सदाशिव

वकीलसाहेब पोस्ट छान आहे पण थोडं हळदीकुंकू जास्त झालंय. माझ्या शंका.

एक, हा तुमचा ऑल्टगेल्ड १८८७ ला त्याच शिकागोत न्यायाधीशाच्या खुर्चीवर होता ना? चौघं फाशी गेले तेव्हा काय करत होता? फाशी टाळा म्हणून शहरात सह्या गोळा होत होत्या तेव्हा हा जाहीरपणे एक अक्षर बोलला नाही. म्हणजे जिवंत माणसं वाचवायची वेळ होती तेव्हा गप्प आणि मेल्यावर १८ हजार शब्द. दोन, शिकागोत जर्मन मतदार केवढे होते आणि फाशी गेलेल्यांत जर्मन किती होते ते बघा, म्हणजे गणित असणारच. तीन, बिल्डर राजकारणात येतो तेव्हा तो धर्मादाय करायला येत नाही, हे पुण्यात राहणाऱ्याला वेगळं सांगायला नको.

भाषण करा पण संत करू नका एवढंच म्हणणं.

काळा_कोट_शिवाजीनगर

शंकासुर बुवा, पहिली शंका रास्त आहे आणि मी तिचा बचाव करणार नाही. १८८७ ला तो गप्प होता, खरंय. त्याच कुक काउंटीच्या कोर्टात बसणारा, आणि खटला चालवणारा न्यायाधीश जोसेफ गॅरी हाही तिथलाच. सहकाऱ्याविरुद्ध बोलायची हिंमत झाली नाही म्हणा किंवा तेव्हा कागद वाचले नव्हते म्हणा. बाबांनी हेही सांगावं, उलट त्याने गोष्ट जास्त माणसासारखी होते.

पण दुसरी शंका पटत नाही. मतांचं गणित असतं तर दयेचा मार्ग मोकळा होता, जर्मन खूश झाले असते आणि बाकीचे फार चिडले नसते. डॅरो सारखा मागे लागायचा, सोडा सोडा, तेव्हा याने त्याला सांगितलं होतं की मी सोडायचं ठरवलं तर तुम्हाला वाटतंय तसं स्वागत होणार नाही, त्या दिवसापासून मी राजकारणातून उठलो असं समज. डॅरोने आठवणीत लिहून ठेवलंय. म्हणजे परिणाम माहीत होता.

आता कारणपत्रात काय होतं ते ऐका, माझ्यासारख्याला यातच जास्त रस. ज्युरी, म्हणजे दोषी की निर्दोष ते ठरवणारे सामान्य नागरिक, निवडायची पद्धत अशी की पेटीतून चिठ्ठ्या काढून नावं यायला हवीत. इथे हेन्री राइस नावाचा खास बेलिफ (कोर्टाचा कर्मचारी) नेमला आणि तो मनाला येईल त्याला पकडून आणत होता. तीन आठवडे ज्युरीची निवड चालली, ९८१ जणांना प्रश्न विचारले, आणि बसवलेल्यांत असे लोक की जे उघड म्हणाले आमचं मत आधीच झालंय की हे गुन्हेगार आहेत. गॅरी त्यांना असे प्रश्न विचारायचा की शेवटी माणूस म्हणेल, हो मी प्रयत्न करीन निष्पक्ष राहायचा, की झाला पात्र. मग पुरावा. बॉम्ब टाकणारा कोण हेच माहीत नाही, तर त्याने या आठांचं ऐकून टाकला हे कसं सिद्ध करणार? खुनाला चिथावणी म्हणायची तर चिथावलेला माणूस दाखवायला नको? आपल्या कोर्टात नवशिका वकीलसुद्धा पहिला हाच मुद्दा घेईल. नीबी तर सभेला नव्हताच.

आणि गंमत बघा, गॅरीने स्वतः १८९३ च्या एप्रिलमध्ये एका मोठ्या मासिकात लेख लिहून आपला खटला किती बरोबर होता ते सांगितलं. ऑल्टगेल्डने तोच लेख उचलला आणि दाखवून दिलं की बघा, न्यायाधीश स्वतःच कबूल करतोय की असा खटला याआधी झाला नव्हता. गप्प बसला असता तर बरं झालं असतं गॅरीचं.

त्याही पुढे जाऊन त्याने लिहिलं की पोलीस कॅप्टन बॉनफील्डच्या माणसांनी संपकऱ्यांना इतकं झोडपलं होतं की बॉम्ब बहुतेक कुणीतरी वैयक्तिक सूडाने टाकला असावा. म्हणजे न्यायाधीश, ज्युरी, पोलीस, सरकारी वकील, आणि फाशीवर टाळ्या वाजवणारी वर्तमानपत्रं, सगळ्यांना एकाच कागदावर घेतलं. चार माणसं चुकीची मारली असं कुठल्या व्यवस्थेला ऐकायला आवडतं हो? देशभरातल्या पेपरांनी त्याला अराजकवादी ठरवला, परदेशी म्हणून हिणवला, त्याचे पुतळे टांगले. त्याच वर्षी नोव्हेंबरात गॅरी भरघोस मतांनी परत निवडून आला. लोकांचं मत कुणीकडे होतं ते यावरून समजा.

सुमेधा_वाचते

मला एक भर घालायची आहे कारण सगळे माफीपाशीच थांबतात. याच माणसाने १८९३ मध्ये इलिनॉयचा कारखाना कायदा करवून घेतला, चौदा वर्षांखालच्या मुलांना कारखान्यात बंदी आणि बायकांना आठ तास. आणि तपासणी प्रमुख म्हणून नेमली फ्लॉरेन्स केली नावाची बाई. तिच्या हाताखाली अकरा जण, त्यातले निदान पाच जागा बायकांच्याच असं कायद्यातच लिहिलेलं, १८९३ साली! १८९५ ला तिथल्या सुप्रीम कोर्टाने बायकांचे आठ तास रद्द केले, कारण काय तर बाईला हवे तितके तास राबण्याचा करार करायचं स्वातंत्र्य आहे म्हणे.

मी शाळेत इतिहास शिकवायचे तेव्हा हे नारायण मेघाजी लोखंडेंच्या शेजारी ठेवून सांगायचे. लोखंडेंच्या प्रयत्नाने मुंबईच्या गिरण्यांना १० जून १८९० ला रविवारची सुट्टी मिळाली, आणि १८९१ च्या आपल्या फॅक्टरी कायद्यात बायकांचा दिवस अकरा तासांवर आणला. अकरा! आणि तेही सुधारणा म्हणून. बाबांच्या श्रोत्यांना लोखंडे माहीत असतील, त्यांचा हात धरून शिकागोला न्या, जास्त कळेल. विवेकानंद शिकागोला बोलले ते १८९३ चा सप्टेंबर, म्हणजे तेव्हा इलिनॉयचा गव्हर्नर हाच, आणि तिघांना सोडून जेमतेम अडीच महिने झालेले. ज्येष्ठ नागरिक संघात हे वाक्य टाकलंत तर पहिली रांग जागी होईल, खात्रीने सांगते.

घोरपडी_लोको_निवृत्त

रेल्वेचा विषय अजून कोणी काढला नाही म्हणून लिहितो. टायपिंग हळू आहे, चुका पोटात घाला.

मी ७४ चा रेल्वे संप पाहिलेला माणूस आहे. त्यावर इथे बोलत नाही. पण शिकागोचा पुलमन संप १८९४ चा, तो रेल्वेवाल्याला माहीत पाहिजे. पुलमन हा झोपायचे डबे बांधणारा कारखानदार. कामगारांसाठी स्वतःचं गाव वसवलं होतं, घरं त्याची, दुकानं त्याची, चर्चसुद्धा त्याचंच. १८९३ ला मंदी आली, त्याने पगार चौथ्या हिश्श्याने कापला, भाडं मात्र एक पैसा कमी केलं नाही. भाडं पगारातून वळतं व्हायचं. हातात काय उरणार? मे मध्ये संप. २६ जूनला यूजीन डेब्जच्या रेल्वे कामगार युनियनने देशभर पुलमनच्या डब्यांवर बहिष्कार टाकला. तारीख बघा, माफीला बरोबर एक वर्ष.

दिल्लीने, म्हणजे तिथल्या वॉशिंग्टनने काय केलं. कायदा खात्याचा प्रमुख ऑल्नी, हा आधी रेल्वे कंपन्यांचाच वकील. टपाल अडतंय हे कारण काढून कोर्टाकडून मनाई हुकूम आणला आणि राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलंडने शिकागोत लष्कर उतरवलं. गव्हर्नरला विचारलं नाही. ऑल्टगेल्डने तार केली, की माझ्याकडे राज्याचे सैनिक तयार आहेत, मी मागणी केलेली नाही, विधिमंडळाने केलेली नाही, मग घटनेप्रमाणे तुम्ही परस्पर लष्कर कसं पाठवता, ते मागे घ्या. क्लीव्हलंडने उडवून लावलं. दोघे एकाच पक्षाचे बरं का. आणि ऑल्टगेल्ड संपवाल्यांचा लाडका म्हणून सैनिक वापरत नव्हता असंही नाही, त्याच वर्षी कोळसा खाणींच्या संपात त्याने स्वतः राज्याचे सैनिक पाठवले होते. भांडण होतं कोणी पाठवायचे याचं.

आणखी एक. अमेरिकेचा कामगार दिन १ मे ला नसतो, सप्टेंबरात असतो. तो कायदा क्लीव्हलंडने सही केला २८ जून १८९४ ला, लष्कर उतरवायच्या आधी चार-पाच दिवस. समजून घ्या काय समजायचं ते.

संप मोडल्यावर ऑगस्टमध्ये ऑल्टगेल्ड पुलमनच्या गावात स्वतः गेला, घराघरात उपासमार होती. पुलमनला पत्र लिहिलं, भाडं माफ कर, काम वाटून दे. त्याने ऐकलं नाही. मग याने राज्यातल्या लोकांना आवाहन केलं, शिधा पाठवा म्हणून. तुमच्या बाबांना नमस्कार सांगा, भेटायला आवडेल.

शंकासुर_सदाशिव

लोको काकांपुढे मी काही बोलत नाही 🙏 सैनिक पाठवल्याचं मला माहीत नव्हतं. तिसरी शंका मात्र अजून उभी आहे, बिल्डर माणूस, पैशाचं काय झालं ते सांगा कुणीतरी.

ऑनसाईट_रिटर्न

पैशाचं मी सांगतो. शिकागोत ट्राम कंपन्यांचा एक बडा माणूस होता यर्क्स, त्याला रस्त्यांचे हक्क फार लांब मुदतीचे, जवळजवळ कायमचे हवे होते, विधिमंडळाकडून बिलं पास पण करून घेतली त्याने. १८९५ मध्ये ऑल्टगेल्डने व्हेटो केलं. सही करावी म्हणून पाच लाख डॉलर देऊ केले होते अशी गोष्ट अजूनही सांगतात, आणि त्याच वेळी याची युनिटी बिल्डिंग कर्जात बुडत होती. शेवटी ती इमारत गेलीच हातातून. म्हणजे तुमच्या बिल्डरची थिअरी इथे उलटी पडते शंकासुरभाऊ.

मी हिंजवडीतून दीड वर्ष शिकागोला ऑनसाईट होतो, थंडीने जीव नकोसा झालेला, वीकएंडला करायला काही नाही म्हणून जे दिसेल ते बघत सुटायचो. लिंकन पार्कमध्ये याचा पुतळा आहे, १९१५ चा, शिल्पकार तोच ज्याने नंतर माउंट रशमोर केलं, बोर्ग्लम. ऑल्टगेल्ड उभा आणि त्याच्या हाताच्या आडोशाला एक कामगार, बाई आणि पोर खाली वाकून बसलेले. माझ्यासमोर तिथे लोक कुत्री फिरवत होते, कुणी वर मान करून बघत नव्हतं, मीही पाटी वाचल्यावर घरी जाऊन सर्च केलं तेव्हा कळलं हा कोण. मग ब्लू लाईन पकडून शेवटच्या स्टेशनला, फॉरेस्ट पार्कला गेलो, तिथे वाल्डहाइमच्या दफनभूमीत फाशी गेलेल्यांचं स्मारक आहे. एक डोक्यावरून वस्त्र घेतलेली बाई, पायाशी पडलेला कामगार, आणि ती त्याच्या डोक्यावर पानांचा मुकुट ठेवतेय. ते स्मारक उघडलं २५ जून १८९३ ला आणि माफी दुसऱ्या दिवशी! त्या स्मारकावरच माफीपत्रातल्या मजकुराची पाटी आहे.

आणि उलट किस्सा, हेमार्केटला पोलिसाचा पण पुतळा उभारला होता १८८९ ला. तो १९६९ आणि १९७० ला लागोपाठ दोनदा बॉम्बने उडवला, शेवटी तिथून उचलून पोलिसांच्या स्वतःच्या जागेत नेऊन ठेवला. पुतळ्यांवरून भांडणं फक्त आपल्याकडेच होतात असं नाही.

कोथरूड_डेपो

बापरे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी! बाबांना सगळं वाचून दाखवलं, लोको काकांचं दोनदा. आता त्यांचं नवीन चाललंय, खुर्ची गेली ती नेमकी कशी, आणि मेला कसा. आणि म्हणतात माफीच्या कागदावर सही करताना जवळ कोण होतं ते विचार. मी म्हटलं बाबा दहा मिनिटं आहेत, कादंबरी नाही.

काळा_कोट_शिवाजीनगर

बाबांचं बरोबर आहे, असे प्रश्न विचारणारा साक्षीदार मला कोर्टात मिळत नाही.

माफीचे कागद गुपचूप तयार करायला एका तरुण कारकुनाला सांगितलं, ब्रँड व्हिटलॉक त्याचं नाव, पुढे तो टोलीडो शहराचा महापौर झाला. कागद तुरुंगात घेऊन जायला कुणाला दिले? ड्रायर नावाच्या बँकवाल्याला. हा तोच, ज्या ग्रँड ज्युरीने या आठांवर आरोप निश्चित केले तिचा प्रमुख, नंतर पस्तावून सुटकेसाठी धडपडणारा. कागद हातात पडल्यावर त्याला रडू आवरेना असं वर्णन आहे. बाबांनी दहापैकी दोन मिनिटं इथे दिली तरी चालतील.

खुर्ची १८९६ ला गेली. त्या वर्षी पक्षाचं अधिवेशन शिकागोतच होतं आणि तिथे ऑल्टगेल्डने क्लीव्हलंडचा हिशेब चुकता केला, जाहीरनाम्यात राज्यांच्या कारभारात केंद्राची ढवळाढवळ आणि मनाई हुकमांचं राज्य यांचा निषेध घालून घेतला. राष्ट्राध्यक्षपदाला स्वतः उभा राहूच शकत नव्हता, जन्म जर्मनीतला. उमेदवार झाला ब्रायन. प्रचारात थिओडोर रूझवेल्टने शिकागोत येऊन याच्यावर तोंडसुख घेतलं. ब्रायन पडला, हाही गव्हर्नरकीला पडला, पण इलिनॉयमध्ये ब्रायनपेक्षा याला मतं जास्त होती, हे विसरू नका. नव्या गव्हर्नरच्या शपथविधीला मावळत्याने चार शब्द बोलायची रीत, याला बोलूच दिलं नाही. १८९९ ला शिकागोच्या महापौरपदाला अपक्ष उभा राहिला, तिथेही हरला. पैसा संपलेला. शेवटी डॅरोने आपल्या वकिलीत भागीदार करून घेतलं, एकेकाळी पुस्तक वाचून याला शोधत आलेल्या पोराने.

११ मार्च १९०२, जोलिएट गावात दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धावर भाषण, इंग्रजांच्या विरोधात आणि बोअरांच्या बाजूने. भाषण संपवून कोसळला, दुसऱ्या दिवशी सकाळी गेला. वय ५४. जोलिएट म्हणजे ज्या गावच्या तुरुंगातून त्या तिघांना सोडलं तेच. शिकागोत सार्वजनिक ग्रंथालयात देह ठेवला होता, हजारो लोक रांगेने आले, अंत्यसंस्काराला डॅरो आणि समाजसेविका जेन ॲडम्स बोलले.

कोथरूड_डेपो

अपडेट. भाषण झालं काल. दहा मिनिटांचे बावीस झाले, सेक्रेटरींनी दोनदा घंटी वाजवली, बाबांनी दोन्हीदा हातानेच थांब म्हणून सांगितलं, गेट मीटिंगची सवय. विवेकानंदांच्या वाक्याला सुमेधाताई म्हणाल्या तसंच झालं, पहिली रांग सरसावून बसली. लोको काका घोरपडीहून खास आले होते, बाबा आणि ते भाषण संपल्यावर ७४ वर दीड तास बोलत बसले, इथे बोलत नाही म्हणाले होते ते तिथे सगळं बोलले, मी गाडी काढून उभा.

एका आजींनी शेवटी उठून विचारलं की ते सगळं ठीक आहे, पण सुटलेल्या तिघांचं पुढे काय झालं हो? बाबा अडले. मला म्हणाले विचार तुझ्या मंडळींना, पुढच्या मंगळवारी सांगतो म्हणून कबूल केलंय.

काळा_कोट_शिवाजीनगर

आजींना सांगा. नीबीची बायको तो आत गेल्यावर वर्षाच्या आतच वारली होती, १८८७ ला. हाच तो, ज्याने शिक्षा सुनावताना कोर्टात म्हटलं होतं की मलाही बाकीच्यांबरोबर फाशी द्या. सुटल्यावर शिकागोत दारूचं दुकान चालवलं, १९१६ ला गेला. श्वाबला तुरुंगात क्षय जडला होता, पाच वर्षंच जगला, १८९८ पर्यंत. दोघेही वाल्डहाइमलाच आहेत, ऑनसाईटवाल्यांनी पाहिलं त्या स्मारकापाशी.

फील्डन, पोलीस आले तेव्हा जो बोलत होता तो, त्याला वारशाने थोडे पैसे मिळाले. ते घेऊन तो दूर कोलोरॅडोत डोंगरात गेला, जमीन घेतली, गुरं पाळली आणि १९२२ पर्यंत जगला. आठांपैकी वाल्डहाइमला नसलेला तो एकटाच.